उत्तर कोकणात उन्हाळ्याचा अंदाज कसा वाचावा

फेब्रुवारी संपता संपता भारतीय हवामान विभागाचा मार्च ते मे या तीन महिन्यांचा हंगामी अंदाज येतो. मार्चअखेरीस एप्रिल ते जूनचा येतो. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "यंदा उन्हाळा कडक". डहाणूपासून अलिबागपर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला त्या एका वाक्यावरून काहीही ठरवता येत नाही. कडक म्हणजे कधी, दुपारी की रात्री, कोरडा की घामाचा, हे कळलं तरच कामं लावता येतात. आणि हे कळण्यासारखं आहे, अंदाजातल्या नेमक्या कोणत्या ओळी बघायच्या ते माहीत असलं की झालं.

मी डहाणू तालुक्यात समुद्रापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर चिकूची वाडी सांभाळते. तोडणीला पाड्यावरच्या बायका आणि पोरं येतात. शेजारच्या मांगेल आळीत बोंबील सुकायला घालतात. त्यामुळे मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रोज संध्याकाळी कुणी ना कुणी विचारायला येतं, उद्याचं काय? पुढे लिहिलंय ती माझी रोजची रीत आहे. पालघर, ठाणे, मुंबई, रायगड या पट्ट्यात कुणालाही ती चालेल.

आधी हंगामी अंदाज. त्यातले नकाशे शक्यता सांगतात, तापमान सांगत नाहीत. सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतकं आणि सरासरीपेक्षा कमी असे तीन कप्पे केलेले असतात. कशाचाच अंदाज नसेल तर प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला ३३ टक्के येतात. तुमच्या भागावर "सरासरीपेक्षा जास्त, ५५ ते ६५ टक्के" असा रंग असेल, तर कल गरम उन्हाळ्याकडे आहे एवढाच त्याचा अर्थ. किती गरम, ते त्यात नाही. पारा सरासरीच्या थोडा वर राहिला काय किंवा दोन अंश वर राहिला काय, कप्पा तोच. म्हणून या नकाशावरून कुणी "यंदा ४२ जाणार" असं सांगू लागलं, तर ऐकून सोडून द्यावं.

दुसरी अडचण आपल्या भूगोलाची. हवामान विभागाच्या हिशेबात "कोकण आणि गोवा" हा एकच उपविभाग आहे, तलासरीपासून थेट गोव्यापर्यंत. आपल्या एकट्या पालघर जिल्ह्यातच केवढा फरक! किनाऱ्यावर डहाणू-केळवे, आत वाडा-विक्रमगड, वर घाटमाथ्याकडे जव्हार-मोखाडा. एप्रिलच्या एकाच दुपारी डहाणूच्या किनाऱ्यावर ३४ असतात आणि वाड्याकडे चाळिशी ओलांडलेली असते. ठाणे-रायगडात बदलापूर, मुरबाड, कर्जत ही अशीच आतली, तापणारी गावं. समुद्राच्या वाऱ्याचा पट्टा अरुंद असतो, हंगामी नकाशाच्या ढोबळ चौकटीत तो बसतच नाही. मुंबईतही कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या कमाल तापमानात एकाच दिवशी दोन-तीन अंशांचा फरक पडतो, कारण कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाणी. म्हणून हंगामी अंदाज वाचताना आपण किनाऱ्यावरचे की आतले, हे आधी मनाशी पक्कं करावं.

त्या अंदाजात मी सगळ्यात आधी किमान तापमानाचा नकाशा उघडते. बातम्यांत तो फारसा दिसत नाही. आपल्याकडे दिवसाचं तापमान समुद्र आवरून धरतो, रात्रीचं मात्र तोच वर ठेवतो. किमान तापमान सरासरीच्या वर राहण्याची शक्यता मोठी असेल, तर मे महिन्यात रात्री झोप लागणार नाही हे मी धरून चालते. आणि झोप न झालेला माणूस दुसऱ्या दिवशी उन्हात लवकर कोसळतो. पावसाचा नकाशा मात्र उन्हाळ्यापुरता बाजूला ठेवला तरी चालतं. मार्च ते मे या काळात उत्तर कोकणात मुळात पाऊसच इतका थोडा, की एका वळवाच्या सरीने तो "सरासरीपेक्षा जास्त" होऊन जातो.

आता उष्णतेच्या लाटेचे निकष, कारण इशारे त्यांच्यावर बेतलेले असतात. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असावं लागतं, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०. शिवाय ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं. ६.४ अंशांपेक्षा जास्त फरक पडला की तीव्र लाट. उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

हे निकष आपल्या किनाऱ्यावर लावून बघा. मे महिन्यात सांताक्रूझची सरासरी कमाल तेहतीस-चौतीसच्या घरात असते. त्यात साडेचार मिळवले की अडतीसच्या आसपास जावं लागतं, आणि मे महिन्यात समुद्राचा वारा सकाळीच सुटत असल्याने पारा तिथवर क्वचितच पोचतो. म्हणजे अंगाची सगळ्यात जास्त लाहीलाही होते त्या महिन्यात कागदोपत्री लाट जवळपास येतच नाही! रात्रीचंही तेच. "उष्ण रात्र" जाहीर करायला दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा त्याहून जास्त असावं लागतं, ही अट किनाऱ्यावर पुरी होत नाही. रात्री दोनला २९ अंश असले आणि गादी घामाने भिजली, तरी त्यासाठी इशारा येईलच असं नाही. तेव्हा लाटेचा इशारा नाही म्हणजे धोका नाही, असं किनाऱ्यावर कधीही समजू नये. त्याऐवजी "उष्ण व दमट" हे शब्द शोधावेत. आपल्या जिल्ह्यासमोर ते दिसले की मी लाटेइतकंच मनावर घेते.

लाट येते ती बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये, आणि येते पूर्वेकडून. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, जमीन तापली की ते पडतात आणि समुद्राकडून खारे वारे येतात. उन्हाळ्याच्या साध्या दिवशी हा पालट दुपार व्हायच्या आत होतो आणि पारा तिथेच अडतो. काही दिवस मात्र पूर्वेचा, ईशान्येचा वारा जोरात असतो. आतल्या तापलेल्या जमिनीवरून आलेली ही हवा सह्याद्री उतरताना दाबली जाते आणि आणखी तापते. ती खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-दोन वाजेपर्यंत थोपवून धरते. तेवढ्या तीन-चार तासांत तापमान कुठल्या कुठे जातं. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ आणि १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली. दोन्ही विक्रम मे महिन्याच्या आधीचे आहेत, हे लक्षात घ्या. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच मुंबई-ठाण्याला लाटेचा इशारा द्यावा लागला होता.

म्हणून मार्च-एप्रिलमध्ये रोजच्या अंदाजात मी तापमानाआधी वाऱ्याची दिशा बघते. सकाळपासून दुपारपर्यंत पूर्व, ईशान्य किंवा आग्नेय लिहिलेलं असेल तर दिवस वाईट. अकरा-बारापर्यंत वायव्य किंवा पश्चिम होणार असेल तर निभेल. फोनवरच्या कुठल्याही चांगल्या हवामान ॲपमध्ये तासातासाला वारा दिसतो, त्यात बाण कधी उलटतो तेवढं बघायचं.

फोन नसला तरी अडत नाही. वाडीच्या कुंपणाशी आमच्या घरची कपड्यांची दोरी उत्तर-दक्षिण बांधलेली आहे. सकाळी लुगडी समुद्राकडे फुगलेली असतात. मग एक वेळ अशी येते की ती सरळ लटकतात, पान हलत नाही, चिकूच्या झाडाखालीसुद्धा कानशिलं तापतात. थोड्या वेळाने नारळाच्या शेंड्यात आधी सळसळ होते, खाली अजून काही नसतं. आणि मग पहिलं लुगडं घराकडे फुगतं, हवेला खारट ओला वास येतो. हा पालट किती वाजता झाला, ते मी दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवते. बाकी काही न लिहिता एवढंच लिहिलं तरी पुरे. सलग दोन दिवस पालट दोन वाजेपर्यंत लांबला, तर तिसऱ्या दिवसाचं काम मी इशाऱ्याची वाट न बघता पहाटेवर घेते.

मे महिन्यात वाऱ्याची चिंता मिटते आणि आर्द्रतेची सुरू होते. इथे तापमान आणि आर्द्रता जोडीनेच वाचावी लागते. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर अंगाला ती साधारण ४४ अंशांसारखी जाणवते. उलट ४० अंशांत आर्द्रता वीस टक्क्यांच्या आत असेल तर जाणवणारी उष्णता चाळीसच्या आसपासच राहते, कारण घाम वाळतो आणि अंग निवतं. शिवाय हा हिशेब सावलीतला. भर उन्हात काम करणाऱ्याला त्याहून काही अंश जास्तच. ॲपमध्ये "जाणवणारं तापमान" असा आकडा असतो, मे महिन्यात तोच खरा मानावा.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्यावर झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. आसपासचा पारा चाळीसच्या आतच होता. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट विसरू नये. लग्न, हळद, पालखी, क्रिकेटचे सामने, आपल्याकडे सगळं एप्रिल-मेमध्येच असतं. मंडप घालताना पत्रा किंवा काळं कापड न घालता बाजू उघड्या ठेवाव्यात, वारा पश्चिमेकडून येणार हे धरून तिकडची कनात काढून टाकावी. म्हाताऱ्या माणसांना दुपारच्या मुहूर्ताचा आग्रह करू नये, हे मी नातेवाइकांना तोंडावर सांगते.

याच हिशेबाने एक घरगुती निर्णयही सोपा होतो. पाण्याचा कूलर घ्यावा का? किनाऱ्यावर मे महिन्यात तो घरातली ओल वाढवतो आणि गुदमरायला होतं, म्हणून घेऊ नये. पूर्वेच्या कोरड्या वाऱ्याच्या मार्चमधल्या दिवसांत तो चालतो, पण तेवढ्यासाठी पैसे घालण्यात अर्थ नाही. आत वाडा, मुरबाडकडे गोष्ट वेगळी. किनाऱ्यावर दोन समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखा यांचाच आधार.

आठवड्याचं नियोजन मी गुरुवारी करते. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. पहिले दोन आठवडे भरवशाचे, पुढचे नुसते नजरेखालून घालावेत. पहिल्या आठवड्यात कमाल तापमान सरासरीच्या वर दाखवलं असेल तर मी तोडणी पुढे-मागे करते, बागेला पाणी संध्याकाळी उशिरा देते आणि खोडाभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन वाढवते. पूर्वेचा कोरडा वारा दोन-तीन दिवस लागला की चिकूचा फुलोरा आणि बारीक फळ गळतं, तो वारा यायच्या आधी जमिनीत ओल असलेली बरी. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, 'मेघदूत' ॲपवर तो जिल्ह्याप्रमाणे मराठीत मिळतो. त्यातलं फवारणीचं वेळापत्रक मी पाळते.

मग रोजचा अंदाज. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा दुपारी येतो, तो 'मौसम' ॲपवर दिसतो. हिरवा म्हणजे काही करायचं नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. माझा नियम थोडा कडक आहे. पिवळा दिसला की अकरा ते चार झाडावर कुणी चढत नाही, नारिंगीला दहा वाजता काम बंद, आणि दोन्ही दिवशी मजुरी पूर्ण. मजुरी कापली तर माणसं चक्कर येत असतानाही काम करत राहतात, म्हणून ही गोष्ट हवामानाइतकीच महत्त्वाची. सुटीची वेळ आदल्या संध्याकाळी सांगायची, म्हणजे बायका घरून पहाटेच निघतात. सावलीत माठ, मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने सगळ्यांनी एकदम थांबायचं. "तहान लागली की या" असं सांगून कुणी येत नाही, हाकच मारावी लागते.

"वहिनी, डोकं जड झालंय" असं कुणी म्हटलं तर तेवढ्यावर काम थांबवावं. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल गेला, अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नये. दमट हवेत कष्ट करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत राहावं, वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझं लक्ष उष्णतेवरून वादळाकडे वळतं. अरबी समुद्राचं पाणी तोवर चांगलंच तापलेलं असतं. १७ मे २०२१ ला 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं आणि पालघरच्या वाड्या आडव्या करून गेलं. त्याआधी ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं होतं. १३ मे २०२४ ची मुंबईतली धुळीची वावटळ चक्रीवादळ नव्हती, साधं पावसाळ्याआधीचं वादळ होतं, तरी घाटकोपरला फलक कोसळून १७ जण गेले. म्हणून वाळलेल्या, पोखरलेल्या फांद्या मी १० मेच्या आत उतरवून घेते, पत्र्याचे हुक आवळून घेते. दुपारनंतर पूर्वेकडे काळे ढग चढताना दिसले की 'दामिनी' ॲप उघडते, आसपास वीज पडतेय का ते त्यात कळतं. तेवढा वेळ झाडाखाली कुणी थांबायचं नाही.

पाऊस कधी येणार, यावर मी पूर्वी एक तारीख मनात धरत असे, ती आता धरत नाही. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला, त्याआधीच्या पंचाहत्तर वर्षांत एवढा लवकर कधीच आला नव्हता. त्या आठवड्यात ज्यांची मासळी वाळत होती आणि मिठागरात मीठ पडून होतं, त्यांना आवरायला वेळच मिळाला नाही. यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते, त्यामुळे मासळी सुकवण्याचा शेवटचा जोर मे महिन्याच्या अखेरीस असतो, नेमकं तेव्हाच हे संकट. आळीतल्या बायकांना मी १५ मेपासून रोज तीन गोष्टी सांगते: पुढच्या तीन दिवसांत पाऊस आहे का, समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे का, आणि समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा आहे का. तिन्हींना "नाही" असेल तर बोंबील बिनधास्त दोरीवर चढतात. एकाला जरी "हो" असेल, तर ताडपत्री दोरीशेजारी घडी करून ठेवायची आणि वाळलेला माल त्याच संध्याकाळी घरात घ्यायचा, सकाळची वाट बघायची नाही.

हे सगळं रोज बघायला मला चहा गाळून होईपर्यंतचाच वेळ लागतो. मग सगळ्यांना आवाजी निरोप जातो, कारण पाड्यावर बऱ्याच जणींना वाचता येत नाही, आणि आकडे ऐकून कुणाला काही उमगतही नाही. निरोपात एवढंच असतं: उद्या किती वाजता यायचं, किती वाजता सुटायचं, वारा कुठून, रात्री पाऊस आहे की नाही. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्या घरी शेजारणीने सांगायचं, हे ठरलेलं आहे.